मागच्या वर्षाची चूक, यंदाचा ताळेबंद

नारायणगावच्या बाजारपेठेत ३१ मार्चला चार कायद्यांखालचे हिशेब एकाच दिवशी बंद होतात. टोमॅटोचे क्रेट जिच्या उपबाजारात उतरतात त्या जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीचे हिशेब पणन कायद्याप्रमाणे होतात. पतसंस्था आणि विकास सोसायट्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली येतात, आणि पलीकडचे विघ्नहर व भीमाशंकर हे दोन साखर कारखानेही त्याच कायद्याखाली आहेत. गेल्या दशकभरात जुन्नर-आंबेगावात उभ्या राहिलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना कंपनी कायदा लागू होतो. बाजारातला पैसा ज्या बँकांतून फिरतो, त्यांच्यावर बँकिंग नियमन कायदा आणि रिझर्व्ह बँकेची नजर असते.

या सगळ्यांपुढे कधी ना कधी एकच प्रश्न येतो. लेखापरीक्षण झाले, वार्षिक सभेने हिशेब मंजूर केले, नफा वाटला, आणि त्यानंतर मागच्या वर्षात चूक सापडली. आता ती कुठे दुरुस्त करायची? मागच्या वर्षाचे आकडे बदलायचे, की यंदाच्या नफ्यातून वळते करायचे? उत्तर चुकीच्या स्वरूपावर ठरावे अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात भारतात ते संस्थेची नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली आहे यावर ठरते. हे असे का झाले, त्यावर कोणकोणती मते आहेत आणि काय अजून ठरलेले नाही, याचा हा आढावा.

चूक कशाला म्हणायचे

आंतरराष्ट्रीय लेखामानक ८, म्हणजे ‘आयएएस ८’, आणि त्यावर बेतलेले आपले ‘इंड एएस ८’ यांनी पूर्वकालीन चुकीची व्याख्या काळजीपूर्वक केली आहे. हिशेब मंजूर झाले त्या वेळी जी विश्वासार्ह माहिती उपलब्ध होती आणि वाजवी प्रयत्नाने मिळू शकली असती, ती वापरली नाही किंवा चुकीची वापरली, तर ती चूक. बेरीज-वजाबाकीतली गफलत, धोरण लावताना झालेला घोळ, वस्तुस्थितीचा चुकीचा अर्थ किंवा नजरचूक, आणि अफरातफर हे सगळे या एकाच व्याख्येत बसते. अफरातफरीला वेगळे खाते नाही, हे अनेकांना खटकते. मानक हेतू विचारत नाही, फक्त आकडा कसा सुधारायचा ते सांगते. हेतूचा तपास करायला दुसरे कायदे आहेत.

चुकीच्या शेजारी अंदाज बसलेला असतो आणि खरी ओढाताण तिथे होते. अंदाज बदलला तर मागे जायचे नसते, परिणाम यंदा आणि पुढे दाखवायचा असतो. आपल्याकडचे उदाहरण उसाचे घेऊ. एखाद्या कारखान्याने ३१ मार्चनंतर, दिवाळीच्या तोंडावर, मागच्या हंगामाच्या उसाला जादा हप्ता जाहीर केला. ताळेबंदाच्या तारखेला ते देणे अस्तित्वातच नसेल, तर मागचा ताळेबंद चुकला असे म्हणता येत नाही. पण त्याच कारखान्यात एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त दर, काढताना साखर उताऱ्याचा चुकीचा आकडा धरला गेला आणि खरा आकडा प्रयोगशाळेच्या वहीत तेव्हाही होता, तर ती चूक झाली. थकीत कर्जावरच्या तरतुदीचेही तसेच. कर्जदार नंतर बुडाला, म्हणून तरतूद वाढवली तर तो अंदाजातला बदल. कर्ज आधीच थकीत झालेले असून यादीत ‘नियमित’ म्हणून राहिले, तर चूक.

कागदावर ही रेघ स्पष्ट दिसते. टेबलावर ती पुसट होते, कारण ‘वाजवी प्रयत्नाने मिळू शकली असती’ या शब्दांवर दोन सनदी लेखापाल सहज भांडू शकतात. आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाने २०२१ मध्ये अंदाजाची नवी व्याख्या दिली आणि आपल्याकडे ती १ एप्रिल २०२३ पासून आली: मोजमापात अनिश्चितता असलेली रक्कम म्हणजे अंदाज. तिने अंदाज आणि धोरण यांच्यातला गोंधळ कमी केला. अंदाज आणि चूक यांच्यातला मात्र फारसा हलला नाही.

इथवरचा प्रवास

‘आयएएस ८’ पहिल्यांदा १९७८ मध्ये आले. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने, म्हणजे आयसीएआयने, १९८२ मध्ये त्याच धर्तीवर ‘एएस ५’ काढले आणि १९९७ मध्ये सुधारले. आंतरराष्ट्रीय मानकाची १९९३ ची आवृत्ती दोन मनांची होती. ‘मूलभूत’ चूक असेल तर सुरुवातीच्या राखीव निधीत दुरुस्ती करा असे ती सांगे, पण यंदाच्याच नफ्यातून दुरुस्ती करण्याची मोकळीकही देई. डिसेंबर २००३ मध्ये ती मोकळीक काढून टाकली गेली. ‘मूलभूत’ हा शब्दही गेला. महत्त्वाची असेल ती प्रत्येक पूर्वकालीन चूक मागे जाऊनच सुधारायची, हा नियम १ जानेवारी २००५ पासून लागू झाला. अमेरिकेनेही २००५ मध्ये मागे जाऊन पुनर्मांडणी हीच वाट पक्की केली. तिथे जानेवारी १९९७ ते जून २००२ या काळात ८४५ कंपन्यांनी ९१९ वेळा आपले जुने हिशेब सुधारल्याचे तिथल्या सरकारी लेखा कार्यालयाने नोंदवले होते, तेव्हा प्रश्न अभ्यासकांपुरता राहिला नव्हता.

भारत त्या वळणावर गेला नाही. ‘एएस ५’ तसेच राहिले, म्हणजे दुरुस्ती चालू वर्षाच्याच हिशेबात. नारायणगावात वाइनरी असलेली आणि शेअर बाजारात नोंदलेली शॅम्पेन इंडेज (पुढे इंडेज व्हिंटनर्स) कर्जाखाली कोसळली त्या काळात देशातल्या सगळ्या कंपन्या याच मानकाखाली होत्या. सत्यमही होती. हिशेब फुगवल्याच्या ७ जानेवारी २००९ च्या कबुलीपत्रानंतर तिच्या नव्या मालकांनी, महिंद्रा समूहाने, २००८-०९ चे हिशेब सप्टेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध केले. त्या एका वर्षाचा तोटा ८,००० कोटी रुपयांच्या वर गेला, कारण कित्येक वर्षांची घाण त्याच वर्षात उपसावी लागली. कोणत्या वर्षात नेमके किती खोटे होते, हे वाचकाला त्या पत्रकातून कळत नव्हते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये इंड एएस अधिसूचित झाली. ५०० कोटी आणि त्याहून अधिक नक्त मूल्याच्या कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून, तर शेअर बाजारात नोंदलेल्या आणि २५० कोटींवरच्या इतर कंपन्यांना १ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. त्याखालच्या कंपन्या आणि लघुउद्योगांच्या शेअर मंचावर नोंदलेल्या कंपन्या ‘एएस ५’ वरच राहिल्या. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०१९ मध्ये इंड एएस पुढील सूचनेपर्यंत लांबणीवर टाकले. म्हणजे देशात एका चुकीला दोन उत्तरे झाली, आणि सहकार धरला तर तीन.

दोन पद्धती, एकच चूक

फरक समजायला एक काल्पनिक कंपनी घेऊ. नारायणगावजवळची एक शेतकरी उत्पादक कंपनी टोमॅटो खरेदी करून पुढे विकते. २०२३-२४ चा नफा तिने २० लाख दाखवला. नंतर लक्षात आले की मार्चअखेर उतरवून घेतलेल्या आणि विकूनही झालेल्या मालाच्या १२ लाखांच्या पट्ट्या नोंदवायच्या राहिल्या होत्या. २०२४-२५ चा स्वतःचा नफा १५ लाख आहे. (कर बाजूला ठेवू.)

‘एएस ५’ प्रमाणे हे १२ लाख यंदाच्या नफा-तोटा पत्रकात ‘पूर्वकालीन बाबी’ म्हणून वेगळे दाखवायचे. सभासदाला दिसते ते असे: मागच्या वर्षी २० लाख, यंदा ३ लाख. कंपनी घसरली. ‘इंड एएस ८’ लावले असते तर यंदाच्या पत्रकातला मागच्या वर्षाचा रकाना सुधारून ८ लाख केला असता आणि शेजारी ‘पुनर्मांडित’ असे लिहिले असते. मग दिसले असते: मागच्या वर्षी ८, यंदा १५. कंपनी सुधारली. दोन वर्षांची बेरीज दोन्हीकडे २३ लाखच येते, पण व्यवस्थापकाला ठेवायचे की काढायचे याचा निर्णय या दोन पत्रकांवरून उलटसुलट होऊ शकतो.

इंड एएसमध्ये चूक आणखी जुनी असेल, तर पत्रकात दाखवलेल्या सर्वांत आधीच्या वर्षाच्या सुरुवातीच्या शिलका सुधारायच्या आणि त्या तारखेचा तिसरा ताळेबंदही जोडायचा. चूक काय होती, प्रत्येक वर्षी कोणत्या ओळीवर किती परिणाम झाला, प्रतिशेअर उत्पन्न किती बदलले, हे टिपणीत सांगायचे. मागे जाणे खरोखरच अशक्य असेल तर जिथपासून शक्य आहे तिथपासून, पण का अशक्य, ते लिहून. नंतर कळलेली गोष्ट आधीपासून माहीत होती असे समजून जुने अंदाज सुधारायला मनाई आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही समभागातील बदलांच्या पत्रकात ‘पूर्वकालीन चुकांमुळे झालेला बदल’ असा स्वतंत्र रकाना आला आहे.

‘एएस ५’ ची एक उणीव इथेच नोंदवतो, कारण तिच्याकडे कमी लक्ष जाते. त्या मानकात पूर्वकालीन बाबीची व्याख्या उत्पन्न किंवा खर्च अशीच आहे. दीर्घ मुदतीचे कर्ज अल्प मुदतीत दाखवले, ठेव चुकीच्या शीर्षाखाली गेली, अशा ताळेबंदापुरत्या चुका तिच्यात बसत नाहीत. कर्ज देणाऱ्या बँकेला नेमक्या त्याच चुका महत्त्वाच्या असतात.

तीन बाजू

मागे जाऊन पुनर्मांडणी हवी म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार तुलना हा आहे. गुंतवणूकदार, सावकार आणि सभासद एक आकडा वाचत नाहीत, आकड्यांची चाल वाचतात. चूक ज्या वर्षाची, तिचे ओझे त्याच वर्षाने उचलावे. ज्या संचालकांच्या काळात ती झाली त्यांच्या नावावर ती राहावी, नव्यांच्या नाही. भांडवल बाजारात उतरणाऱ्या कंपनीला सेबीचे नियम तीन वर्षांचे पुनर्मांडित हिशेब मागतात ते याचसाठी. दिंडोरी तालुक्यातल्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांकडून सुमारे ३१० कोटी रुपये उभे केले. शेतकऱ्यांच्या कंपन्या त्या वाटेने जाऊ लागल्या की ही भाषा त्यांना शिकावीच लागेल.

दुसरी बाजू म्हणते, मंजूर हिशेब हा मंजूर राहू द्या. त्यावर लाभांश वाटला गेला, कर भरला गेला, कर्ज मंजूर झाले. सभेने हात वर करून संमत केलेला आकडा नंतर कार्यालयात बसून बदलणे सामान्य सभासदाला पटत नाही. लहान संस्थेकडे चार वर्षांपूर्वीची व्हाउचरे नीट लावलेली असतीलच असे नाही. याच बाजूचा एक युक्तिवाद मला त्याहून वजनदार वाटतो. इंड एएसमध्ये जुन्या चुकीचा फटका थेट सुरुवातीच्या राखीव निधीत जिरतो आणि ‘चालू वर्षाचा नफा’ या ओळीत तो कधीच उमटत नाही. टिपणी वाचणारे थोडे, शेवटची ओळ वाचणारे सगळे. यंदाच्या नफ्यातून १२ लाख वजा झाले की सभेत प्रश्न हमखास येतो.

तिसरी बाजू कायद्याची आहे. तिच्या मते हिशेब सुधारणे ही कंपनीने एकटीने करायची गोष्ट नाही, त्यावर बाहेरचा पहारा हवा.

न्यायाधिकरणाची वाट आणि आपला महामार्ग

कंपनी कायदा २०१३ ची कलमे १३० आणि १३१ जून २०१६ पासून अमलात आली. १३१ स्वेच्छेचे आहे. हिशेब किंवा संचालकांचा अहवाल कायद्याशी जुळत नाही असे संचालकांना वाटले, तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या परवानगीने आधीच्या तीनपैकी कोणत्याही वर्षाचे हिशेब सुधारता येतात, तेही वर्षातून एकदाच. १३० सक्तीचे आहे. केंद्र सरकार, आयकर खाते, सेबी, अन्य वैधानिक नियामक किंवा संबंधित व्यक्तीने अर्ज केला आणि हिशेब कपटाने तयार झाले किंवा कारभार असा झाला की हिशेबांवर विश्वास ठेवता येत नाही, असे न्यायाधिकरणाला दिसले, तर जुनी पुस्तके पुन्हा उघडली जातात. मागे जाण्याची सर्वसाधारण मर्यादा आठ वर्षांची आहे.

या कलमाची सर्वांत मोठी कसोटी मुंबईच्या आयएल अँड एफएस समूहात लागली, आणि तो समूह नारायणगावला परका नाही. पुणे-नाशिक महामार्गाच्या खेड ते सिन्नर टप्प्याचे चौपदरीकरण त्या समूहातल्या आयएल अँड एफएस ट्रान्सपोर्टेशन नेटवर्क्स या कंपनीच्या ‘खेड सिन्नर एक्स्प्रेसवे लिमिटेड’ या उपकंपनीकडे होते. चाळकवाडीचा टोलनाका त्याच टप्प्यावर आहे, आणि नारायणगावचे बाह्यवळण कित्येक वर्षे रखडले तेही त्याच टप्प्यात. सुमारे ९१,००० कोटींच्या कर्जाखाली समूह २०१८ मध्ये कोलमडला. १ ऑक्टोबर २०१८ रोजी सरकारने संचालक मंडळ बदलून उदय कोटक यांच्याकडे सूत्रे दिली. १ जानेवारी २०१९ रोजी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने मूळ कंपनी, तिची वित्त कंपनी आणि ही रस्ते बांधणारी कंपनी या तिघांचे २०१२-१३ ते २०१७-१८ या काळातले हिशेब पुन्हा उघडून नव्याने मांडण्याचा आदेश दिला.

माजी संचालक हरी शंकरन यांनी त्याला आव्हान दिले. ४ जून २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश कायम ठेवला. न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. कलम १३० आणि १३१ वेगवेगळी आहेत, एकाच्या अटी दुसऱ्याला लावायच्या नाहीत. आणि १३० मधल्या दोन कारणांपैकी एक असले तरी पुरे, कपट सिद्ध झालेच पाहिजे असे नाही, गैरकारभारामुळे हिशेब संशयास्पद ठरले तरी पुस्तके उघडता येतात.

या निकालाने अधिकार पक्का झाला, काम सोपे झाले नाही. शेकडो उपकंपन्या असलेल्या समूहात एका कर्जाची नोंद बदलली की साखळीतल्या अनेक ताळेबंदांना हात लावावा लागतो. रस्त्याच्या कंत्राटात तर उत्पन्न पुढच्या कित्येक वर्षांच्या टोलच्या किंवा वार्षिक हप्त्याच्या अंदाजावर उभे असते. त्यातला कोणता अंदाज प्रामाणिक होता आणि कोणता मुद्दाम फुगवलेला, हे मागे जाऊन ठरवणे म्हणजे वर सांगितलेली चूक-अंदाजाची रेघ हजारो कोटींवर ओढणे.

बँकेचा धडा: पुण्यात नोंदलेली, जुन्या मानकाखालची

इंडसइंड बँकेचे नोंदणीकृत कार्यालय पुण्याच्या कॅन्टोन्मेंटमध्ये आहे. १० मार्च २०२५ रोजी बँकेने शेअर बाजाराला कळवले की डेरिव्हेटिव्हच्या नोंदींत तफावती आढळल्या असून त्यांचा परिणाम डिसेंबर २०२४ च्या नक्त मूल्याच्या सुमारे २.३५ टक्के आहे. दुसऱ्या दिवशी शेअर २७ टक्क्यांच्या आसपास पडला. बाहेरच्या तपासणीत अंतर्गत सौद्यांच्या चुकीच्या नोंदींमुळे कागदी नफा दिसत गेल्याचे निष्पन्न झाले आणि ३१ मार्च २०२५ चा परिणाम १,९५९.९८ कोटी ठरला. एप्रिलअखेर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. सूक्ष्मवित्त व्यवसायात तीन तिमाहींत चुकीने नोंदवलेले ६७४ कोटींचे व्याजही उलटवल्याचे नंतर पुढे आले. जानेवारी-मार्च तिमाहीत बँकेला २,३२९ कोटींचा एकत्रित तोटा झाला.

चुकीच्या नोंदी एका तिमाहीत साठलेल्या नव्हत्या. पण बँकांना इंड एएस लागू नाही, म्हणून ओझे २०२४-२५ च्या हिशेबावर आले आणि आधीच्या वर्षांचे प्रसिद्ध आकडे जागचे हलले नाहीत. पुनर्मांडणीवाल्यांना यात त्यांचा मुद्दा दिसतो: कोणत्या वर्षी किती नफा फुगला होता, हे वर्षवार कुठे आहे? विरोधकांनाही त्यांचा मुद्दा याच उदाहरणात मिळतो: तो तोटा शेवटच्या ओळीत उतरला नसता तर देशभर त्याची एवढी चर्चा झाली असती का? दोघेही बरोबर आहेत, आणि म्हणूनच हा वाद निव्वळ मानकाच्या शब्दांनी मिटत नाही.

सहकारातली पद्धत

जुन्नर-आंबेगावच्या बहुसंख्य कुटुंबांचा हिशेबाशी येणारा संबंध पतसंस्था, सोसायटी आणि कारखाना यांच्यातून येतो, आणि तिथे यातले काहीच जसेच्या तसे लागू नाही. सहकार कायद्याच्या कलम ८१ खाली लेखापरीक्षण होते, वर्ग मिळतो, आणि कलम ८२ प्रमाणे संस्थेने दोष दुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. ‘ओ’ नमुन्यातला हा अहवाल म्हणजे मुद्दानिहाय उत्तरपत्रिका: अमुक तरतूद कमी, पुढील वर्षी केली, अमुक येणे व्याज वसुलीविना उत्पन्नात धरले, थकव्याज तरतूद केली. दुरुस्ती जवळपास नेहमीच चालू वर्षात होते. मागच्या वर्षाचा रकाना पुनर्मांडित करून छापलेला वार्षिक अहवाल गावाकडे सहसा पाहायला मिळत नाही.

या पद्धतीला कमी लेखू नये. दोष आणि त्यावरची कारवाई सभासदांपुढे येणे, निबंधकांकडे जाणे, ही पारदर्शकता कित्येक खासगी कंपन्यांत नाही. पण तिचा भर कार्यपद्धतीच्या दोषांवर आहे. पावतीवर सही नाही आणि एक कोटीची तरतूद कमी पडली, हे दोन्ही मुद्दे एकाच यादीत, एकाच टंकात, लागोपाठ येतात. मोठी चूक आणि बारीक चूक वेगळी करणारी चाळणी तिथे नाही.

काय अजून ठरलेले नाही

ती चाळणी कंपन्यांकडे तरी आहे का? ‘महत्त्वाची’ चूक म्हणजे नेमकी किती, हे कोणतेही मानक आकड्यात सांगत नाही. पाच टक्क्यांचा ठोकताळा पुरेसा नाही, हे अमेरिकेच्या रोखे आयोगाने १९९९ मध्येच बजावले. तोट्याचा नफा करणारी छोटी चूकही मोठी असते. २००६ मध्ये त्याच आयोगाने दुसरी पळवाट बंद केली. दर वर्षी थोडी-थोडी साठणारी चूक प्रत्येक वर्षाच्या नफ्याशी ताडली तर क्षुल्लक वाटते, पण साठलेली रक्कम ताळेबंदात भली मोठी असते. दोन्ही बाजूंनी मोजा, असा त्याचा आदेश होता. आपल्याकडे एवढे रोखठोक मार्गदर्शन नाही. चूक महत्त्वाची आहे की नाही हे आधी ठरवतात ते ज्यांच्या हातून ती झाली ते व्यवस्थापन, हा त्यातला जुना पेच.

दुसरा प्रश्न मानक आणि कायदा यांच्या सांध्याचा. ‘इंड एएस ८’ प्रमाणे पुढच्या वर्षीच्या पत्रकात मागचा रकाना बदलायला न्यायाधिकरणाची परवानगी लागत नाही. निबंधकाकडे दाखल झालेले मूळ पत्रकच बदलायचे तर कलम १३१ लागते. मग गंभीर चूक सापडल्यावर संचालकांनी कोणती वाट धरायची, हे त्यांच्या मर्जीवर राहते, आणि सोपी वाट पहिली असल्याने ती निवडली जाते.

त्याला जोडून पैसे परत घेण्याचा प्रश्न येतो. कपटामुळे किंवा कायदा न पाळल्यामुळे हिशेब पुनर्मांडित करावे लागले, तर वरिष्ठांना दिलेला जादा मोबदला वसूल करावा, असे कलम १९९ सांगते. फुगलेल्या नफ्यावर सभासदांना वाटलेल्या लाभांशाचे किंवा मालाच्या प्रमाणात दिलेल्या बोनसचे काय, याचे सरळ उत्तर कुठे नाही. वसूल करणे व्यवहारात अशक्य, सोडून देणे नियमाला धरून नाही.

आयकराचे चक्र वेगळ्याच गतीने फिरते. मागच्या वर्षी राहून गेलेला खर्च यंदा दाखवला तर कर अधिकारी तो ‘पूर्वकालीन’ म्हणून नाकारू शकतो. सुधारित विवरणपत्राला मुदत असते, आणि अद्ययावत विवरणपत्राने कर वाढवता येतो, कमी करता येत नाही. आपल्या काल्पनिक कंपनीला ते १२ लाख हिशेबात मिळतील, करात मिळतीलच असे नाही. पुस्तकी नफ्यावरच्या किमान करात राखीव निधीतून केलेली दुरुस्ती कशी धरायची, हाही वाद आहे.

नियामकांची ताकद वाढली आहे. १ ऑक्टोबर २०१८ पासून आलेले राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण लेखापरीक्षकांवर कारवाई करते. थकीत कर्जावरचे व्याज खर्चात न धरण्याची सवय इंड एएसमध्ये चालणार नाही, हे त्याने २०२२ मध्ये परिपत्रकाने सांगितले. पण त्याचा रोख मोठ्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर आहे. ‘एएस ५’ खालच्या हजारो छोट्या कंपन्यांच्या पूर्वकालीन बाबी कोणी एकत्र मांडून पाहत नाही.

छोट्या कंपन्यांना खरा बदल जाणवला तो वेगळ्याच नियमाने. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद राहणे सक्तीचे झाले आणि ती सोय चालू होती का, हे लेखापरीक्षकाला अहवालात लिहावे लागते. शेतकरी उत्पादक कंपनीही त्यातून सुटलेली नाही. जुन्या तारखेत जाऊन व्हाउचर गुपचूप बदलण्याची जी रीत तालुक्याच्या गावांत सर्रास होती, तिच्यामुळे ‘पूर्वकालीन बाब’ कधी जन्मालाच येत नसे. आता ती येईल. म्हणजे येत्या काही वर्षांत पत्रकांतल्या चुका वाढलेल्या दिसतील, आणि ते चांगले लक्षण असेल.

दरम्यान आंतरराष्ट्रीय मानकाचे नावही बदलते आहे. नव्या ‘आयएफआरएस १८’ बरोबर १ जानेवारी २०२७ पासून ‘आयएएस ८’ चे शीर्षक ‘वित्तीय पत्रके तयार करण्याचा पाया’ अशा अर्थाचे होईल. चुकांविषयीचे नियम तेच राहतील.

माझे मत एवढेच की छोट्या कंपन्यांवर आणि पतसंस्थांवर पूर्ण इंड एएस लादण्याची वेळ आलेली नाही, पण ‘एएस ५’ च्याच चौकटीत राहून मागच्या दोन वर्षांचे सुधारित नफे एका टिपणीत द्यायला कोणतीही आडकाठी नाही. एक परिच्छेद आणि चार आकडे लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपल्या कंपनीची किंवा संस्थेची वार्षिक सभा असेल, तेव्हा सभासदांनी अहवालात ‘पूर्वकालीन बाबी’ ही ओळ शोधावी, ती कोणत्या वर्षाची आहे ते विचारावे, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.